चांदपाशा मिस्त्रीची चोरबोली

औशाच्या मिस्त्री गल्लीतला माणूस कामावर उभा राहिला की दोन भाषा बोलायचा. एक मालकाशी आणि दुसरी आपसांत. मालकाशी बोलायची ती गोड, अदबीची, ‘हाव अप्पा, करतो की अप्पा’ छापाची. आपसांतली मात्र अशी की मालक शेजारी बसून पान खात असला तरी स्वतःच्याच घराचं काय चाललंय याचा त्याला पत्ता लागू नये. गल्लीत तिला चोरबोली म्हणत. हे नाव गवंड्यांनीच ठेवलेलं, आणि त्याची लाज वाटायच्या ऐवजी त्यांना कौतुकच वाटायचं. डॉक्टर नाही का रोग्यासमोर इंग्रजी फाडत, वकील नाही का अशिलासमोर कलमं फेकत, मग गवंड्यानंच काय कुणाचं घोडं मारलंय, असं चांदपाशा मिस्त्री विचारायचा. प्रश्न बिनतोड वाटायचा. त्याचं उत्तर त्याला पुढं मिळालं, आणि ते ज्या रीतीनं मिळालं तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

चांदपाशा गल्लीतला पहिल्या नंबरचा दगडकाम्या. उंच, हाडकुळा, कानावर कायम पेन्सिल. त्याच्या हातचा कोपरा काटकोन तपासायच्या गुण्याला कधी चुकला नाही आणि त्याच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही. त्याच्या बोलीत मालक म्हणजे पाव्हणा. दगडाच्या भिंतीला दोन बाजूंनी घडीव दगड लावतात आणि मधे खडी-माती भरतात, ती भर म्हणजे पोट. आणि सगळ्यांत मोठा मान जावयाला. जावई म्हणजे भिंतीच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा लांब दगड. दोन हात रुंदीची भिंत म्हणजे खरं तर पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन भिंती, आणि त्या दोघींना धरून ठेवणारा हाच. तो लांबून शोधून आणावा लागतो, उचलायला चार माणसं लागतात, आणि एकदा बसला की हलता हलत नाही, म्हणून जावई. ज्या भिंतीत जावई नाही ती कुवार. ‘कुवार ठिवलीस व्हय रं?’ असं कुणी विचारलं की सगळे गवंडी खदखदून हसायचे. पाव्हणाही त्यांच्याबरोबर हसायचा, कारण सगळे हसत असताना आपण एकटंच गप्प बसणं कुणाला आवडतं?

गल्लीचा आणखी एक रिवाज होता. पाया भरून झाला की मिस्त्रीनं जागेभोवती एक चक्कर मारायची, डोळ्यांनीच अंदाज घ्यायचा आणि मालकाला सांगायचं, इतक्या गाड्या दगड, त्यात इतके लांब. सांगायचं ते एकदाच. काम निम्म्यात आल्यावर जो दुसऱ्यांदा दगड मागेल त्याला ‘दोनदा जेवणारा’ म्हणत, आणि हे नाव चिकटलं की त्याच्या पोराच्या लग्नात मांडवातसुद्धा निघायचं. चांदपाशाच्या बापानं उभ्या आयुष्यात दगड दुसऱ्यांदा मागितला नव्हता. चांदपाशानंही नाही.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्यानं तेरणेच्या काठच्या चिंचोडीत विरूपाक्षअप्पांचं घर बांधायला घेतलं. अप्पा म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला, पण स्वतः वजन न दाखवणारा माणूस. गवंड्यांना जेवायला आपल्याच पंगतीला बसवायचा. चांदपाशाबरोबर त्याचा नेहमीचा जोडीदार लिंबाजी होता. दगड उचलण्यात आणि मिस्त्रीच्या मनातलं ओळखण्यात लिंबाजीचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि दिवसभर आजूबाजूला घोटाळायची ती अप्पांची आठ वर्षांची पोरगी, महानंदा.

ह्या पोरीनं एक उपद्व्याप केला. महिनाभरात ती चोरबोली शिकली. कुणी शिकवली नाही, दगडांच्या ढिगावर बसून चिंचा खात खात ऐकली आणि उचलली. एक दिवस चांदपाशा पाणी प्यायला खाली उतरला तर ती गंभीरपणे म्हणाली, "चाचा, पाव्हणा आलाय. पोट नीट भरा." पाव्हणा म्हणजे तिचा बापच की! चांदपाशाच्या नाकातून पाणी आलं. लिंबाजी तर माचाणावरून पडायचाच राहिला. त्या दिवसापासून ती त्यांच्यातली झाली. बापाला काही सांगायचं नाही, अशी तिनं गळ्याला चिमटा लावून शपथ घेतली, आणि ती तिनं पाळली. पाळली नसती तर फार बरं झालं असतं.

घराच्या तीन भिंती झाल्या. स्वयंपाकघराची भिंत तर अशी उतरली की शेजारच्या गावचे लोक बघायला आले. राहिली मागची, माजघराच्या पाठीची. तेव्हा रोजे सुरू झाले होते, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि मृग पंधरा दिवसांवर आलेला. माळवदावर माती पडायच्या आत भिंत उभी राहायला पाहिजे होती. चांदपाशानं ढिगाकडं पाहिलं. लांब दगड संपले होते. अंदाज चुकला होता. आयुष्यात पहिल्यांदा.

खाण सहा कोसांवर. अप्पांच्या गाड्या शेतात खत ओढण्यात गुंतलेल्या. खरं तर एक तोंड उघडायचा अवकाश होता, अप्पा नाही म्हणणारा माणूस नव्हता. पण दुसऱ्यांदा दगड मागायचा म्हणजे संध्याकाळपर्यंत औशात बातमी. चांदपाशा दोन दिवस त्या ढिगाभोवती फिरला. तिसऱ्या दिवशी त्यानं लिंबाजीला सांगितलं, "कुवार जाऊ दे. पोट दाबून भर." लिंबाजीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मग पाटी उचलली. शेजारी अप्पा उभे होते. ते म्हणाले, "काय म्हणतात मिस्त्री?" लिंबाजी म्हणाला, "काय न्हाई अप्पा, माती दाबा म्हणून राहिलेत."

महानंदानं मात्र बरोबर पकडलं. "चाचा, आज जावई का नाही बसवला?" चांदपाशा म्हणाला, "रुसलाय गं. उद्या येतो म्हणालाय." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही विचारलं. मग भिंत तिच्या डोक्याच्या वर गेली आणि तिनं विचारायचं सोडलं. वास्तूच्या दिवशी अप्पांनी चांदपाशाला पागोटं बांधलं. पागोटं डोक्यावर घेऊन, चारचौघांत त्या मागच्या भिंतीवर थाप मारून तो म्हणाला, "सात पिढ्या हलायची न्हाई." लोक वाहवा म्हणाले.

सात पिढ्या लांब राहिल्या, नऊ वर्षंसुद्धा पुरी झाली नाहीत.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबराच्या शेवटच्या पहाटे जमीन हलली. औशातही भांडी पडली, भिंतींना तडे गेले, लोक रस्त्यावर आले. दिवस उजाडता उजाडता तेरणेकडून बातम्या येऊ लागल्या आणि त्या बातम्या ऐकून कुणाचा विश्वास बसेना. चांदपाशा आणि लिंबाजी मिळेल त्या टेम्पोला लटकून चिंचोडीत पोचले तेव्हा सात-साडेसात वाजले असतील. पोलीस, फौज कुणी आलेलं नव्हतं.

गाव नव्हतं. मातीचे ढीग होते आणि ढिगांतून वर आलेल्या तुळया होत्या. दोन-दोन हात जाडीची माळवदं त्यांच्याखाली झोपलेल्या माणसांवर बसली होती. आदल्या दिवशी गणपती बोळवला होता, त्याचा गुलाल अजून काहींच्या कपाळावर होता. चांदपाशानं ह्या गावात अकरा घरं बांधली होती. त्यांतली तीन त्याला ओळखू आली. बाकीची कुठं होती हेही त्याला सांगता येईना.

अप्पांचं घर ओळखू आलं ते स्वयंपाकघराच्या भिंतीमुळं. ती तशीच उभी होती, खुंटीवरच्या पिशवीसकट. तिच्यात त्यानं दर दोन थरांमागं जावई बसवला होता. बाकी सगळं बसलं होतं. मागची भिंत पुरुषभर उंचीची शिल्लक होती, आणि तिचं पोट आतल्या बाजूला सुटलेलं होतं. बघणाऱ्या दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं, चला, एवढी तरी वाचली. चांदपाशाला काय दिसलं ते एक त्याला आणि दुसरं लिंबाजीला ठाऊक.

अप्पा आणि त्यांची बायको सरजाबाई उकाड्यामुळं अंगणात झोपले होते, म्हणून वाचले. थोरला मुलगा बायको-पोरीला घेऊन नोकरीच्या गावी होता. महानंदा आत होती. सोळा वर्षांची झाली होती, दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं बघायची होती. आणि ती जिवंत होती. मागच्या भिंतीला लागून दोन तुळया एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, त्यांच्याखाली पोकळी राहिली होती आणि त्या पोकळीतून तिचा आवाज येत होता. "अप्पा, लवकर. दम कोंडून राहिला."

चांदपाशाला पाहताच अप्पा त्याच्या गळ्यात पडले. त्यांच्या तोंडावर माती होती आणि मातीतून पाण्याचे ओहळ गेले होते. "मिस्त्री, अल्लानंच धाडलं तुला. तूच बांधलंस, तुलाच ठाव. कुठून काढावं सांग. पाया पडतो तुझ्या." आयुष्यात कुणी कुणावर टाकला नसेल एवढा भरोसा त्या माणसानं त्या घटकेला चांदपाशावर टाकला.

समोरून जायचं म्हणजे अख्ख्या माळवदाची माती उपसायची. दहा माणसांना दुपार झाली असती. मागून जायचं म्हणजे भिंतीला भोक पाडायचं, पाऊण तासाचं काम. शेजारचा शेषेराव पहार घेऊन मागच्या बाजूला गेलाच होता, त्याच्याबरोबर चार-पाच दणकट माणसं होती. अप्पाही तिकडंच धावले. चांदपाशा आणि लिंबाजी आतल्या बाजूला, ढिगाऱ्यावर, त्या फटीजवळ पोटावर पडले. फटीतून महानंदाची बोटं दिसत होती. चांदपाशानं ती धरली. बोटं गरम होती.

भिंतीपलीकडून अप्पांचा आवाज आला, "मिस्त्री, भिंत पक्की हाय न्हवं? भोक पाडू का मागून?"

"थांबा जरा," चांदपाशा म्हणाला.

"का थांबायचं?" शेषेराव ओरडला. "पोरीचा जीव चाललाय. सात पिढ्या हलायची न्हाई म्हणून तूच थाप मारली व्हतीस न्हवं हिच्यावर?"

एक वाक्य बोलायचं होतं. ह्या भिंतीत लांब दगड नाहीत, मी घातले नाहीत, हात लावला तर सगळी आत येईल. एवढंच. बोली न कळणाऱ्या लेकराला कळेल असं साधं वाक्य. आणि त्याच्या घशापर्यंत आलं होतं ते. पण भिंतीपलीकडं अप्पा होते, गाव होतं, पागोटं होतं, बापाचं नाव होतं. त्याला वाटलं, कुणाला कळायच्या आत आतून दोन टेकू लावू, भिंत तोलून धरू, पोरगी बाहेर आली की मग कोण विचारतंय. तीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली. तो लिंबाजीकडं वळला आणि भरभर म्हणाला, "कुवार हाय ही, पोट सुटलंय, एक बी जावई न्हाई. टेकूला बल्ल्या आण, पळ!"

लिंबाजी पळाला.

पलीकडच्यांना वाटलं, गवंडी आपसांत कामाचं बोलतायत. बोललेलं सगळ्यांनी ऐकलं आणि कळलं कुणालाच नाही. अख्ख्या गावात ते कळण्यासारखं एकच माणूस होतं, आणि ते भिंतीखाली होतं.

आतून महानंदा म्हणाली, "चाचा." आवाज शांत होता. तिला कळलं होतं. आठ वर्षांपूर्वीचंही कळलं असणार. "चाचा, त्यांना सांगा की. त्यांना न्हाई समजलं."

चांदपाशानं तोंड उघडलं. तो पुढं आयुष्यभर सांगत राहिला की मी तोंड उघडलं होतं, अल्लाशपथ उघडलं होतं. आणि शेषेरावनं पहार घातली.

कुवार भिंत कशी जाते ते गवंड्यांना माहीत असतं. ती कोसळत नाही, फाटते. बाहेरचं तोंड बाहेर, आतलं तोंड आत, आणि मधलं पोट पोतं फुटल्यासारखं वाहतं. चांदपाशाच्या हातातली बोटं एकदम घट्ट झाली आणि मग त्याच्या स्वतःच्या कमरेपर्यंत दगड आले. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. त्याला काढायला वीस मिनिटं लागली. महानंदाला काढायला संध्याकाळ झाली, आणि तोवर काढायची घाई कुणालाच उरली नव्हती.

बाजूला उडी मारून वाचलेला शेषेराव बिचारा दगडांवर डोकं आपटत होता. माझ्या हातून गेली, माझ्या हातून गेली. चांदपाशा दोन हात अंतरावर पडून ते ऐकत होता. तेव्हाही त्यानं सांगितलं नाही. आणि अप्पांनी काय करावं? त्यांनी शेषेरावला पोटाशी धरलं, मग चांदपाशाजवळ येऊन बसले, त्याच्या मोडक्या पायाला स्वतःचं धोतर फाडून बांधलं आणि म्हणाले, "तू तरी काय करशील मिस्त्री. धरणीनंच नेली."

लातूरच्या दवाखान्यात लिंबाजी भेटायला आला. खाटेजवळ उभा राहिला. "सांगितलं का अप्पाला?"

"न्हाई."

लिंबाजीनं मान हलवली आणि तो गेला तो परत आलाच नाही. उदगीरच्या मोंढ्यात हमाली करतो असं कुणीतरी सांगितलं. पाठीवर पोतं घेतलं की माणसाला बोलावं लागत नाही, असं तो म्हणतो म्हणे.

पुढच्या वर्षी सरकारनं गवंड्यांसाठी शिबिर घेतलं. तंबूत चाळीस मिस्त्री बसवले, आणि एका तरुण इंजिनियर साहेबानं लाकडाच्या ठोकळ्यांची छोटी भिंत करून दाखवली. लांब ठोकळे घातलेली भिंत हलवली तर टिकली, न घातलेली फाटली. साहेब म्हणाले, "ह्याला बंधदगड म्हणतात. तुमच्याकडं काय म्हणतात?" चाळीस माणसांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे जमिनीकडं बघत होते. मग मागून काठी टेकत चांदपाशा उठला. जावई काय, कुवार काय, पोट काय, पाव्हणा काय, दोनदा जेवणारा कुणाला म्हणतात, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. साहेब वहीत लिहून घेत होते. गल्लीतल्यांना वाटलं, ह्यानं भर चौकात आपली धोतरं फेडली.

त्यानंतर औशात त्याला कुणी कामावर बोलावलं नाही. त्याचा सलाम कुणी घेईना. तो मात्र वेड्यासारखा जिथं तिथं मालकांना गाठून सांगू लागला, दगड आरपार आहे का बघा, दोन्ही बाजूंनी टोक दिसलं पाहिजे. काहींनी ऐकलं, काहींनी हाकललं. सगळ्या जिल्ह्याला तो सांगत सुटला होता, चिंचोडीचा रस्ता तेवढा टाळत होता. नव्या जागी वसलेल्या चिंचोडीत अप्पा त्याची वाट बघत, निरोप पाठवत. आमचा मिस्त्री पोलिसांच्या आधी आला व्हता, पाय मोडून घेतला त्यानं आमच्या पोरीपायी, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते त्याच्या कानावर आलं की तो दोन-दोन दिवस जेवायचा नाही.

बायकोला, बेगमबीला त्यानं सगळं सांगितलं होतं. एकदा नाही, शंभरदा. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मेरेकू बोल के क्या फायदा? जिनकू बोलना है उनकू बोलो." मग त्यानं तिलाही सांगायचं बंद केलं.

बेगमबी वारल्यावर तो मुलाकडं, कलीमकडं लातूरला आला. तोवर लातूरचं काही वेगळंच झालं होतं. जिथं तिथं क्लास, जिथं तिथं होस्टेल, आणि रस्त्यावर पाठीवर दप्तरं घेतलेली, डोळे सुजलेली पोरं. कलीम सेंट्रिंगचं काम घ्यायचा. त्यानं बापाला एका मुलींच्या होस्टेलवर विटांच्या कामावर लक्ष ठेवायला बसवलं, आणि इमारत झाल्यावर तिथंच फाटकावर खुर्ची दिली. म्हातारा माणूस, पोरींना चाचा मिळाला.

आणि तिथंही चोरबोली होतीच! त्या पोरींची स्वतःची. परीक्षेत मार्क कमी पडले की ‘विकेट गेली’. एकदा नापास होऊन पुन्हा बसलेली ती ‘रिपीटर’, दुसऱ्यांदा बसलेली ती ‘कायमची भाडेकरू’. घरून फोन आला की सगळ्या एका सुरात ‘मस्त चाललंय’ म्हणायच्या, आणि फोन ठेवला की एकमेकींत ‘आज पॅकअप’ म्हणून उशीत तोंड खुपसायच्या. पॅकअप म्हणजे आता सोसत नाही, हे चांदपाशानं आठ दिवसांत ओळखलं. तसल्या पोरीला तो फाटकावरून हलू द्यायचा नाही. "मला सांगू नको. बापाला सांग. त्याला समजंल असं सांग." पोरी हसायच्या, म्हणायच्या चाचा लय बोअर करतात. एक-दोघींनी केला फोन. एकीचा बाप दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊनही गेला. चांदपाशाला त्या दिवशी जरा बरं वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत ते बरं वाटणं विरून गेलं, कारण स्वतः काय केलं होतं ते त्याला ठाऊक होतं.

दोन हजार सात सालच्या जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत, एक म्हातारा काठी टेकत फाटकातून आत आला. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची नात, डोक्यावर ट्रंक. म्हाताऱ्यानं चांदपाशाकडं पाहिलं, काठी टाकली आणि त्याला मिठी मारली. "मिस्त्री! किती निरोप धाडले तुला!" अप्पा आता ऐंशीला टेकले होते. सरजाबाई गेल्या साली गेल्याचं त्यांनी सांगितलं. इमारतीच्या विटकामावर चांदपाशानंच लक्ष ठेवलं होतं हे ऐकून ते होस्टेलच्या मॅनेजरकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्यांचा हात लागलाय न्हवं ह्या इमारतीला? मग आमच्या पोरीला कुठल्याबी मजल्यावर ठिवा. मला घोर न्हाई."

नात चेहऱ्यानं आत्यावर, महानंदावर गेली होती. नाक तेच, चिंचा खाताना बारीक व्हायचे ते डोळे तेच.  आता बोललो नाही तर कबरीतसुद्धा बोलता येणार नाही, हे त्याला कळलं. त्यानं पोरीला आत नाव लिहायला पाठवलं, अप्पांचा हात धरून त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मोडक्या पायावर कसाबसा त्यांच्या समोर जमिनीवर बसला.

"अप्पा, मागच्या भिंतीत मी लांब दगड घातले नव्हते."



मग त्यानं सगळं सांगितलं. रोजे, ऊन, चुकलेला अंदाज, ढिगाभोवती घातलेल्या चकरा. थाप मारली ती. फटीतली बोटं. लिंबाजीला काय म्हणाला ते, आणि त्याचा अर्थ काय होता ते. महानंदाला ते कळलं होतं हे, आणि ती काय म्हणाली ते. शेषेरावचा काही दोष नव्हता, हेही सांगितलं. एकही शब्द चोरबोलीतला नाही, आडवळण नाही. सांगताना तो रडला नाही, कारण रडलं की शब्द अडकतात आणि त्याला एकही शब्द अडकवायचा नव्हता. भोवती आई-बापांची, ट्रंकांची, रिक्षावाल्यांची गर्दी चालली होती. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. दोन म्हातारे बसले आहेत, गावाकडचं बोलत असतील, एवढंच.

 अप्पा फाटकातून आत येणाऱ्या पोरींकडं बघत होते. चांदपाशा वाट बघत होता. चप्पल काढून मारतील तर बरं, असं त्याला वाटत होतं. थुंकतील तर तेही बरं.

शेवटी अप्पांनी विचारलं, "किती लागले असते?"

"काय अप्पा?"

"दगड. लांब दगड. किती लागले असते त्या भिंतीला?"

चांदपाशाला आठवावं लागलं नाही. बावीस वर्षं तो तेच मोजत होता. "चौदा."

"चौदा," अप्पा म्हणाले. त्यांनी खाली पडलेली काठी उचलली. मग चांदपाशाकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग असता तर चांदपाशाला सोसला असता, पण तिथं नुसतं न समजणं होतं, लहान पोराला एखादी गोष्ट का झाली ते न समजावं तसं.

"गाड्या माझ्या हुत्या, मिस्त्री. बैल माझे हुते," ते म्हणाले. "मागायचे हुते की."